इंचाचं मायक्रोमीटर

घरी आलेल्या माणसांना माझं कपाट उघडून दाखवायचं मी केव्हाच सोडून दिलं. बाईमाणसाच्या कपाटात साड्या नाहीतर भांडी असणार असं धरून लोक बघतात आणि आत ओळीने मायक्रोमीटर, कॅलिपर, आटे मोजायच्या पात्यांचे जुडगे आणि लाकडी पेट्यांतली जुनी व्हर्नियर दिसली की विचारतात, "हे विकायचंय का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग याचं करता काय?" पुसते, तेलाचा हात फिरवते, परत ठेवते. यापलीकडे मला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि एवढं सांगितल्यावर माणूस चहा संपवून उठायचा.

माझं लग्न दोन वर्षं टिकलं. त्यानंतर मी जळगावला पिंप्राळ्यात दोन खोल्या घेतल्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरला लागले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. अक्षर चांगलं आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय, म्हणून वर्षभरात मला गेजरूमवर टाकलं. गेजरूम म्हणजे मापाची हत्यारं ठेवायची खोली. कामगार सकाळी पितळी बिल्ला देऊन मायक्रोमीटर घेऊन जायचे, संध्याकाळी परत देऊन बिल्ला घ्यायचे. खिडकीच्या आत मी, बाहेर ते. दिवसभरात शे-सव्वाशे माणसं माझ्याशी बोलायची आणि सगळ्यांचं बोलणं एकाच वस्तूबद्दल असायचं. मला ते बरं वाटायचं. सुटी असली की मात्र दिवस लांबायचा.

जुनी हत्यारं जमवायला लागले ती याच सुटीपायी. पहिलं मिळालं ते भडगावला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. मावसबहिणीकडे गेले होते. त्या आवारातच राहणाऱ्या तिच्या शेजाऱ्याने दाराला अडणा म्हणून एक मोठा लोखंडी कॅलिपर लावला होता. त्याच्या सांध्यावर पितळेची चकती आणि तिच्यावर कोणीतरी हाताने कोरलेला आकडा होता. मी त्याला नवा अडणा आणून दिला आणि कॅलिपर घेतला. यावलला एका केळीवाल्याकडे तारेची जाडी मोजायची गोल चकती मिळाली. कडेला बारीक खाचा असतात, ती. तिला सुतळी बांधून ती त्याने म्हशीच्या गळ्यात घातली होती. "आवाज गोड येतो," तो म्हणाला. म्हशीला घंटा आणून दिली. अशी देवाणघेवाण मला जमायची. दिवाळीच्या तोंडावर एकदा किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवून गेले, तर त्यांनी माझा पितळी कोनमापक चिंच लावून लख्ख घासून ठेवला. त्यावरच्या रेघा निम्म्या पुसल्या गेल्या. मी तो तसाच परत कपाटात ठेवला. त्यांनी घरच्या देवांइतक्याच निगुतीने घासला होता.

या सगळ्यात ज्याच्याशी बोलता यावं असा माणूस एकच भेटला. आमच्या कारखान्यातले टर्नर. सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही म्हणायचे. ते मूळचे धुळ्याच्या कापड गिरणीतले. गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या वर्कशॉपमधला एक जुना लेथ आमच्या मालकांनी विकत घेतला आणि लेथ चालवणारा माणूस म्हणून नानांनाही नोकरीवर घेतलं. त्या लेथच्या ड्रॉवरमध्ये एक मायक्रोमीटर आलं होतं. एक इंचापर्यंत मोजणारं, स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीचं, विलायती. फ्रेम काळी पडलेली, पण आटे असे की दोन बोटांनी फिरवलं तर लोण्यातून सुरी जावी.

कारखान्यात सगळं मिलिमीटरमध्ये चालायचं. नाना मात्र डोक्यात इंचच मोजायचे, सूत आणि थाऊ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि थाऊ म्हणजे हजारावा, एका केसाची जाडी तीनेक थाऊ भरते. ते आपल्या मायक्रोमीटरवर इंचात माप घ्यायचे, मनात मिलिमीटर करायचे आणि मग कारखान्याच्या मायक्रोमीटरवर एकदा बघायचे. मी कधीही बघितलं तरी त्यांचं माप चुकलेलं नसायचं.

नवीन मायक्रोमीटरला मागे एक कळ असते. ठरावीक दाब झाला की ती कटकट करून फिरते, म्हणजे कोणीही मापलं तरी आकडा तोच येतो. या जुन्याला ती नव्हती. किती आवळायचं ते हातानेच ठरवायचं. जेवणाच्या सुटीत नाना खिडकीशी येऊन एखादी पिन पुढे करायचे.

"ताई, किती?"

मी मापायचे. "चारशे बारा."

"जोरात आवळलं तुम्ही. चारशे तेरा आहे. वस्तूला धरायचं, दाबायचं नाही."

असं सात-आठ महिने चाललं. मग एक दिवस त्यांचा आणि माझा आकडा सारखा आला, दुसऱ्या दिवशीही आला, आणि त्यानंतर येतच राहिला. नानांनी पिना आणायच्या बंद केल्या. मला थोडं चुकल्यासारखं झालं.

नाना निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी ते मायक्रोमीटर माझ्या खिडकीत ठेवलं. मी म्हटलं, "नाना, हे घेऊन जा की. कारखान्याच्या कुठल्याच कागदात नाही हे."

"माझं कुठे आहे? लेथसोबत आलं. लेथ इथे आहे." मग जाता जाता म्हणाले, "ड्रॉवरात ठेवा. कागदात आणू नका."

ते धुळ्याला आपल्या घरी गेले. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळची एसटी धरून धुळ्याला जायला लागले. सांगायला कारण भंगारबाजाराचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बंद गिरणीतली हत्यारं तिथे वर्षानुवर्षं झिरपत होती. बाजार झाला की नानांकडे. त्यांची बायको मागेच वारली होती. मुलगा सुरतेला नोकरीला, सून आणि नात घरी. कारखान्यात माझ्याशी 'ताई, तुम्ही' असं शहरी बोलणारे नाना घरी अहिराणीत बोलायचे आणि तू म्हणायचे. सून दारातूनच आत हाक द्यायची, "नाना, तुमनी मोजमापवाली बाई उनी." माझी पिशवी खाली ठेवल्याचा खणखण आवाज झाला की म्हणायची, "लई लोखंड लई उनी आज. बाजारात भाजी नही मिळत का तुमले?" मी एकदा कोथिंबिरीची जुडी नेली. ती म्हणाली, "हाई काय मापानं शे?"

नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा मी चूक केली.

कारखान्याला परदेशी माल पाठवायचा होता आणि त्यासाठी गुणवत्तेचं प्रमाणपत्र पाहिजे होतं. पुण्याहून एक तरुण साहेब आले. प्रत्येक हत्याराला नंबर, प्रत्येकाचं तपासण्यांचं कार्ड, प्रत्येकावर चिकटपट्टी. त्यांनी मला सगळ्या हत्यारांची यादी करायला सांगितली. मी आठ दिवस बसून केली. गेजरूममध्ये आलेलं कोणतंही हत्यार माझ्या नोंदीतून सुटत नाही याचा मला गर्व होता. नानांचं मायक्रोमीटर आता माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. यादी पूर्ण झाली आणि मला राहवलं नाही. शेवटच्या ओळीत मी लिहिलं: बाहेरचं माप घ्यायचं मायक्रोमीटर, एक इंच, विलायती, अतिशय जुनं, उत्तम स्थिती. नाना नको म्हणाले होते ते लक्षात होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी एका चांगल्या वस्तूचं कागदावर नाव लागावं. जमवणाऱ्या माणसाला हा रोगच असतो.

साहेबांनी यादीवर बोट फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं.

"मॅडम, याचं हिस्टरी कार्ड?"

"नाही."

"शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

"कागदोपत्री तपासणी कधीच नाही."

"शिवाय इंचात. आपल्या एका तरी ड्रॉइंगमध्ये इंच आहे?"

"नाही. पण सर, या खोलीतलं सगळ्यात चांगलं मायक्रोमीटर ते आहे."

"असेल. ऑडिटर विचारणार ते चांगलं आहे याला पुरावा काय. माझ्याकडे उत्तर नाही." त्यांनी ओळीपुढे लाल फुली मारली. अशा फुल्या तेवीस झाल्या. बाकीची बावीस खरोखर झिजलेली होती, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. नियम असा की बाद हत्यार पुन्हा कोणाच्या हातात जाऊ नये म्हणून आधी ते मोडायचं, मग भंगारात द्यायचं. मोडायचं काम गेजरूमचं. म्हणजे माझं.

यादीत नसतं तर कोणी विचारलंही नसतं. आता ते कारखान्याचं झालं होतं.

त्या दुसऱ्या रविवारी मी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी रागावून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं. ते बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते, त्यामुळे ते नेमके कुठे बघत आहेत ते कळायचं नाही. मग म्हणाले, "ताई, तेवढं एक वाचाड." ते वाचवायला सांगत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी मी अर्ज लिहिला. हे हत्यार मला वैयक्तिक संग्रहासाठी द्यावं. चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली.

"देतो, मॅडम. पण चालू स्थितीत नाही देता येणार. बाद म्हणून लिहिलेली वस्तू गेटबाहेर चालू स्थितीत गेली तर उद्या सगळेच मागतील. तोंडं घासून टाका, वापरता येणार नाही अशी करा. मग गेटपास देतो."

मायक्रोमीटरला दोन तोंडं असतात. एक स्थिर, त्याला ऐरण म्हणतात, आणि दुसरं सरकणाऱ्या दांडीचं टोक. वस्तू त्या दोघांच्या मध्ये धरायची. ही तोंडं आरशासारखी सपाट आणि एकमेकांना समांतर असतात, आणि सगळं माप तिथेच असतं. बाकी नुसतं लोखंड. साहेब म्हणत होते ते हेच होतं की तू त्याचा जीव काढ आणि कुडी घरी ने.

मी दुसरा मार्ग शोधला. सापडला नाही. चोरून नेणं हाही एक मार्ग होता. पर्समध्ये सहज मावलं असतं आणि गेटवर माझी झडती कधीच झाली नाही. ते मला जमलं नसतं, आणि नानांनीही घेतलं नसतं. मोडून भंगारात द्यायचं किंवा आंधळं करून घरी न्यायचं, एवढंच उरलं.

शनिवारी जेवणाच्या सुटीत, खात्यात कोणी नसताना, मी ग्राइंडर लावला. बारीक दाण्याचं चाक निवडलं. दांडी बाहेर काढून तिचं टोक चाकाला लावलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा लावलं. मग फ्रेम वाकडी धरून ऐरणीचं तोंड चाकाच्या कडेवर घेतलं. दोन्ही मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी बघितलं, अंगठा फिरवला, मान हलवली. मी कागदावर सही केली की हे हत्यार वापरण्यास अयोग्य केलं आहे. गेटपासवर लिहिलं होतं: भंगार, नग एक.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण दुसरा नव्हता. तरी गेले. सुनेने दारातूनच ओळखलं असावं, ती हाक न देता बाजूला झाली. मी मायक्रोमीटर नानांच्या हातात दिलं. त्यांनी आधी ते कानाशी धरून फिरवलं. आटे शाबूत होते. मग करंगळी मधे घालून तोंड चाचपलं.

"कोनी करं हाई?"

"मी."

करंगळी तिथेच होती.

"चाक बारीक व्हतं का?"

"बारीक."

"पानी मारं?"

"मारं. तीनदा." मीही नकळत त्यांच्याच बोलीत गेले.

"मंग पोलादनं पानी उतरेल नही." पोलाद तापलं की त्याचा कडकपणा जातो, त्यालाच ते पाणी उतरणं म्हणायचे. त्यांनी ऐरणीची मागची बाजू चाचपली. तिथे एक बारीक स्क्रू असतो, ऐरण त्याने थोडी पुढे-मागे सरकते. "हाऊ फिरस. मंग व्हई."

"काय होईल?"

"तोंडे घासी लेसू हातवर. टाइम लागी."

मी म्हटलं, "नाना, मी सही केली आहे. वापरण्यास अयोग्य म्हणून."

"तुन्ही सही शे. मन्ही नही."

आतून सून हसली. मला हसू आलं नाही. कारखान्याबाहेर गेलेलं भंगार कोणी दुरुस्त करू नये असं कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ते मनात दोनदा वाचून खात्री केली.

त्या हिवाळ्यात नानांनी दुसरं काही केलं नाही. बिडाची एक पातळ चकती दोन्ही बाजूंनी सपाट करून घेतली. इंजिनचे व्हॉल्व्ह घासून बसवायची खरखरीत पेस्ट मी नेऊन दिली. चकतीला पेस्ट लावायची, तोंडांच्या मध्ये धरायची, हलके आवळायचं आणि गोल गोल फिरवायचं. तासाला केसाच्या दहाव्या भागाइतकंही झिजत नाही. डोळे नसले तरी चालतं, बोटं पाहिजेत. उन्हात बाजेवर बसून ते दिवसभर तेच करायचे. सून म्हणायची, "सासरा म्हने देव देव कराना वखतले लोखंड घशी राह्यना."

तपासायचं काम माझं होतं. मी बेअरिंगचा एक छर्रा न्यायचे. छर्रा तोंडाच्या मधोमध धरून मापायचं, मग वरच्या कडेला, खालच्या, डाव्या, उजव्या. तोंडं समांतर असली तर पाची ठिकाणी आकडा एकच. पहिल्या महिन्यात वर आणि खाली सहा थाऊंचा फरक होता. दुसऱ्या महिन्यात तीन. मग एक. नाना विचारायचे, मी सांगायचे, ते चकती उलटी करून पुन्हा बसायचे. त्या रविवारी मी भंगारबाजारात जातच नव्हते. थेट त्यांच्याकडे जायचे आणि चार वाजेपर्यंत त्यांच्याशेजारी बसायचे.

फेब्रुवारीत फरक अर्ध्या थाऊवर आला. तो खालच्या कडेला होता आणि तिथेच अडकला. गिरणीत असताना नानांचा उजवा खांदा निखळला होता, त्यामुळे घासताना हात एका अंगाला झुकायचा. ते ओळखून त्यांनी हात बदलून पाहिला, उभं राहून पाहिलं, फ्रेम मांडीत धरून पाहिली. मार्चमध्ये गेले तेव्हाही अर्धाच.

"किती?"

अर्धा थाऊ म्हणजे दोन रेघांच्या मधला अंदाज. फरक नाही म्हटलं असतं तर त्यांना कळायला मार्ग नव्हता, डोळे तेवढे राहिले नव्हते. सुनेने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सांगून टाका शून्य.

"अर्धा," मी म्हटलं. "खाली."

"तेवढाच?"

"तेवढाच."

त्यांनी चकती फडक्यात गुंडाळली आणि बाजेखाली ठेवली. सून माझ्याशी त्या दिवशी नीट बोलली नाही. तिचं बरोबर असेल. पण इतकी वर्षं आम्हा दोघांचा आकडा सारखा येत होता. मी एकदा खोटा सांगितला असता तर पुढच्या वेळी मी काय सांगितलं याला काही अर्थ उरला नसता.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी गेले तर ओट्यावर बांधलेली गाठोडी होती. मुलाला सुरतेला मोठी जागा मिळाली होती. सगळे चालले होते, नानाही. त्यांनी मायक्रोमीटर तेल लावून, फडक्यात बांधून तयार ठेवलं होतं.

"हाई लई जाय."

"तुम्ही ठेवा, नाना. तुम्ही केलंय."

"तठे काय मापसू? नातना दात?" मग म्हणाले, "बाद म्हनीसन टाकू नको. चूक माहीत शे ना आपले? मंग काम चालस. चिठ्ठी लाव."

मी पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं: इंच मायक्रोमीटर. खालच्या कडेला अर्धा थाऊ जास्त दाखवतं. त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं.

"तारीख टाक. बिगर तारीखनी चिठ्ठी काय कामनी?"

तारीख टाकली. सुनेने चहा दिला आणि कपबशा तिथेच विसळून गाठोड्यात घातल्या. मी चारच्या गाडीने परतले.

त्यानंतर धुळ्याला माझं जाणं तुटलं. भंगारबाजार होता तिथेच आहे, पण एवढ्या लांब एकटीने जाऊन आणलेली वस्तू दाखवायची कोणाला, हा प्रश्न मी सोडवू शकले नाही. कपाटात नवीन भर पडली नाही.

वर्ष झालं की मी छर्रा काढते आणि पाच ठिकाणी मापते. पहिल्या वर्षी फरक अर्धाच होता. मी नानांना कार्ड टाकलं, त्यात तेवढंच लिहिलं. महिन्याने सुनेच्या अक्षरात उत्तर आलं: नाना म्हणतात ठीक आहे. दुसऱ्या वर्षीही अर्धाच होता. कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी कार्ड टाकलं नाही. मापलं, चिठ्ठीवरची जुनी तारीख खोडली, खाली नवी लिहिली.